वर्षातून दोन चिरूट आणि विम्याचा अर्ज

काही नैतिक प्रश्न मोठे असतात आणि त्यांची उत्तरे आपणां सर्वांना ठाऊक असतात. चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये, याविषयी मंडळीत कधी वाद झाल्याचे आम्हांस आठवत नाही. दुसरे काही प्रश्न इतके लहान असतात की त्यांना प्रश्न म्हणावयासही संकोच वाटतो. नेमक्या अशाच प्रश्नांपाशी आपले पाऊल घसरते, कारण तेथे आपण दिवा घेऊन चालत नाही. आज अशाच एका लहान प्रश्नाचा विचार करू.

समजा, बडोद्याच्या मांडवीजवळ, पाणीगेटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गृहस्थ राहतात. वय चाळीस, नोकरी कायमची, घरी पत्नी व दोन मुले. विडी नाही, सिगारेट नाही; पान खाल्ले तरी तंबाखूवाचून. मात्र वर्षातून दोन-तीन वेळा, मेहुणा परदेशाहून आला म्हणजे किंवा कोणाच्या लग्नाचे जेवण झाल्यावर, ते एखादा चिरूट ओढतात. या गृहस्थांनी पन्नास लाखांचा मुदतीचा विमा उतरविण्याचे ठरविले. विमा प्रतिनिधी घरी आले. प्रस्तावपत्र भरता भरता एक प्रश्न आला : गेल्या बारा महिन्यांत आपण तंबाखूचे कोणत्याही स्वरूपात सेवन केले आहे काय? गृहस्थ थबकले. प्रतिनिधी म्हणाले, "साहेब, वर्षातून दोन चिरूट म्हणजे काय व्यसन झाले? 'नाही' लिहितो. 'होय' लिहिले तर हप्ता उगाच वाढेल."

गृहस्थांनी काय करावे?

चिरूट ओढणे चांगले की वाईट, हा आजचा विषय नाही. मांडवीपासून काही कोसांवर चरोतर सुरू होते. तेथील पेटलाद पूर्वी बडोदे संस्थानातच होते, आणि त्या मुलखातील शेकडो कुटुंबे तंबाखूच्या पिकावर जगत आली आहेत. वर्षातून दोन चिरूट ओढणाऱ्या माणसाला पापी ठरविण्याची आम्हांस घाई नाही. आमचा प्रश्न त्याच्या ओठांतील चिरुटाविषयी नाही, तर हातातील लेखणीविषयी आहे.

'मांडवी' हा शब्दच या बाबतीत विचार करण्याजोगा आहे. आपल्या भाषेत मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. माल घेऊन येणाऱ्याने तेथे थांबावयाचे, "काय आणले आहे?" या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे, जकात भरावयाची आणि मग पुढे जावयाचे. बडोद्याच्या जुन्या शहरात मध्यभागी मांडवीचा चौकोनी मंडप उभा आहे. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांचे रस्ते तेथे येऊन मिळतात. विम्याचे प्रस्तावपत्र हीही एक मांडवीच आहे. फरक इतकाच की जकातदार गाठोडे सोडून पाहू शकत असे. येथे पुष्कळदा गाठोडे सोडून पाहण्याचा उपायच नसतो.

विमा म्हणजे काय, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. पुष्कळांच्या मनात विमा म्हणजे एका श्रीमंत कंपनीशी लावलेली पैज असते. मूळ कल्पना तशी नाही. आपल्या वाचकांना हे जाणून समाधान वाटेल की, शास्त्रशुद्ध गणितावर उभारलेल्या पहिल्या विधवा-निधींपैकी एक निधी पाळकांनी पाळकांसाठी काढला होता. स्कॉटलंडच्या मंडळीतील पाळक मरण पावला की त्याची विधवा व मुले पाळकगृहातून बाहेर पडत आणि उघडी पडत. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या एडिंबरोच्या दोन पाळकांनी हे दुःख पाहिले. दरवर्षी किती पाळक मरतात, मागे किती विधवा व मुले राहतात, याची माहिती त्यांनी ठिकठिकाणच्या मंडळ्यांकडून मागविली. प्रसिद्ध गणिती कॉलिन मॅक्लॉरिन यांनी आकडेमोड तपासून दिली, आणि १७४४ साली निधी सुरू झाला. हे वेबस्टर साहेब काही फार कडक विरक्त नव्हते. त्यांच्या द्राक्षारसाच्या आवडीविषयी एडिंबरोत गोष्टी सांगत असत. परंतु त्यांचे आकडे खरे होते, आणि त्या खरेपणावर कित्येक विधवांच्या चुली पेटत राहिल्या. गावोगावच्या पाळकांनी पाठविलेली माहिती खोटी असती, तर तोच निधी दहा-वीस वर्षांत बुडाला असता.

म्हणजे विमा हा अनेकांनी मिळून भरलेला रांजण आहे. प्रत्येकाने आपल्या धोक्याच्या मानाने त्यात पाणी ओतावयाचे, आणि ज्याच्या घराला आग लागेल त्याला त्यातून पाणी द्यावयाचे. कोणी किती ओतावे हे ठरविण्यासाठी प्रत्येकाला प्रश्न विचारावे लागतात. आपल्या आयुष्याची माहिती आपल्याला असते, विचारणाऱ्याला नसते. म्हणून इतर सौद्यांपेक्षा या सौद्यात बोलण्याचे कर्तव्य अधिक कडक मानले आहे. १७६६ साली इंग्लंडात सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याचा खटला न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे चालला. विम्याचा करार हा पराकाष्ठेच्या विश्वासाचा करार आहे, ज्याला ठाऊक आहे त्याने दडवू नये, हे तत्त्व त्या निकालाने रुजविले. आपल्याकडील विमा कायदा १९३८ सालचा आहे. त्यानंतर १९५६ च्या सप्टेंबरात २४५ विमा कंपन्या व सोसायट्या एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, आणि २००० सालापासून खाजगी कंपन्या पुन्हा आल्या. मालक बदलत गेले, परंतु हे तत्त्व तेच राहिले.

आता चिरुटाकडे वळू. कंपनी हा प्रश्न का विचारते? तंबाखू आयुष्य कमी करते, म्हणून. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानावरील अहवाल १९६४ साली निघाला आणि त्यानंतर न ओढणाऱ्यांना कमी दर देण्याची चाल तिकडे सुरू झाली. आपल्याकडेही मुदतीच्या विम्यात ती आली. महामंडळाच्या २०१९ साली निघालेल्या 'जीवन अमर' व 'टेक टर्म' या योजनांत धूम्रपान न करणाऱ्याचा दर हवा असेल तर लघवीची 'कोटिनीन' चाचणी द्यावी लागे.

चिरूट सिगारेटपेक्षा निरुपद्रवी, असा एक समज आहे. तो खरा नाही. एका मोठ्या चिरुटात सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. त्याचा धूर छातीत ओढला नाही तरी त्यातील निकोटिन तोंडाच्या आतील त्वचेतून रक्तात जाते. रोज चिरूट ओढणाऱ्यांना तोंडाचा, घशाचा व अन्ननलिकेचा कर्करोग होण्याचा धोका अधिक, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली विस्ताराने मांडले. परंतु तिचे आकडे प्रामुख्याने रोज ओढणाऱ्यांचे आहेत. वर्षातून दोन चिरूट ओढणाऱ्याचा धोका किती, हे त्यांवरून ठरत नाही. सिगारेटच्या बाबतीत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले की, रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या निम्म्या ते एक-तृतीयांशाइतका असतो. 'थोडे म्हणजे नगण्य' हे गणित तंबाखूला लागू पडत नाही, एवढा बोध त्यातून घेता येईल. तरीही न्यायाने बोलावयाचे तर वर्षातून दोन चिरूट आणि दिवसाला वीस सिगारेटी यांत पुष्कळ अंतर आहे, हे कोणीही मान्य करील.

आणि आता मुख्य गोष्ट. निकोटिन शरीरात गेले की त्याचे कोटिनीन होते. हे कोटिनीनही पाऊण दिवसाच्या आसपास निम्मे होते, आणि अधूनमधून ओढणाऱ्याच्या लघवीतून काही दिवसांत नाहीसे होते. नाताळात ओढलेला चिरूट मार्चातल्या चाचणीत सापडणार नाही. रोज ओढणारा चाचणीत पकडला जाईल. आमचे मांडवीचे गृहस्थ पकडले जाणार नाहीत. त्यांच्या बाबतीत सत्याचा एकच साक्षीदार आहे आणि तो म्हणजे त्यांचा शब्द. जेथे तपासणी चालते तेथे सचोटीची फारशी कसोटी लागत नाही. ती लागते जेथे तपासणी पोहोचत नाही तेथे.

'नाही' लिहिण्याच्या बाजूने साधारणपणे चार गोष्टी बोलल्या जातात. त्या एकेक करून पाहू.

पहिली, गोष्ट फार लहान आहे. परंतु गोष्ट खरोखरच लहान असती तर ती लिहावयास भय कशाचे? ज्या क्षणी आपण म्हणतो की "खरे लिहिले तर हप्ता वाढेल", त्याच क्षणी आपण कबूल करतो की विचारणाऱ्याच्या दृष्टीने ती लहान नाही. लपविण्याइतकी मोठी आणि सांगण्याइतकी लहान अशी एकच गोष्ट एकाच वेळी असू शकत नाही.

दुसरी, कंपनी श्रीमंत आहे, तिचे काय नुकसान होणार? १९०८ साली महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने याच मांडवीत बँक ऑफ बडोदा सुरू झाली. त्या बँकेची तिजोरी भरलेली दिसे, पण तिच्यातील पैसा असे ठेवीदारांचा. कोणाच्या मुलीच्या लग्नाचा, कोणाच्या म्हातारपणाचा. विम्याचा निधीही तसाच. आमच्या गृहस्थांनी वाचविलेले हजार-दोन हजार रुपये कंपनीच्या संचालकांच्या खिशातून जात नाहीत. सगळेच असे करू लागले की पुढच्या वर्षी दर वाढतो, आणि तो खरे लिहिणाऱ्या शिक्षिकेला, परिचारिकेला, रिक्षावाल्याला भरावा लागतो. ज्याचे नुकसान होते तो आपल्याला दिसत नाही म्हणून नुकसान होतच नाही, असे नव्हे.

तिसरी, प्रतिनिधीनेच तसे लिहिले. लेखणी त्याच्या हाती होती, आपण फक्त सही केली. ही सबब न्यायालयात टिकत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. त्यात विमेदाराने आधीची दुसरी पॉलिसी प्रस्तावपत्रात लिहिली नव्हती. न समजता सही केली, असे म्हणून जबाबदारी टाळता येत नाही. ज्याने सही केली तो आतील मजकुराने बांधला जातो, असे न्यायालयाने स्पष्ट केले आणि कंपनीचा नकार योग्य ठरविला. नीतीच्या न्यायालयात तर ही सबब त्याहून दुबळी आहे. एदेन बागेपासून मनुष्य दुसऱ्याकडे बोट दाखवीत आला आहे, आणि त्या बोटामुळे कोणी सुटल्याचे आपल्या वाचनात नाही.

चौथी सबब सर्वांत चतुर आहे. "तीन वर्षे निघू द्या, मग कोणी विचारू शकत नाही." यात तथ्य आहे, म्हणून ती नीट समजून घेऊ. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमात २०१५ साली दुरुस्ती झाली. पॉलिसी दिल्यापासून, जोखीम सुरू झाल्यापासून किंवा बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्यापासून, यांतील जे शेवटचे असेल तेथून तीन वर्षे लोटली की कोणत्याही कारणाने पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र कंपनी माहिती दडविल्याचे किंवा फसवणूक केल्याचे कारण दाखवून दावा नाकारू शकते. फसवणूक नसून केवळ चुकीची माहिती असेल, तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत द्यावे लागतात.

कायदा आणखीही काही सांगतो. दडविलेल्या गोष्टीचा जोखमीशी प्रत्यक्ष संबंध असला पाहिजे, आणि ती ठाऊक असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे दाखविण्याचा भार कंपनीवर आहे. वर्षातून दोन चिरुटांसाठी कोणतीही कंपनी पॉलिसी नाकारती ना. फार तर हप्ता वाढविती. २०१५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात पाठीच्या मणक्याचा आजार लिहिला नसतानाही वारसांना न्याय दिला, कारण मृत्यू हृदयविकाराने झाला होता आणि त्या आजाराचा त्याच्याशी संबंध नव्हता. तेव्हा चांगला वकील मिळाला तर आमच्या गृहस्थांची पत्नी खटला जिंकेलही. "खोटे लिहाल तर दमडीही मिळणार नाही" असे भय घालून आम्ही वाचकांना खरे बोलावयास लावू इच्छीत नाही. कारण ते विधान सर्वस्वी खरे नाही, आणि खोट्याचा धाक दाखवून सत्य शिकविता येत नाही.

मग भय काढून टाकल्यावर काही उरते काय? आमच्या मते दोन गोष्टी उरतात, आणि त्याच खऱ्या महत्त्वाच्या आहेत.

एक अशी की, कायद्याने प्रश्न विचारण्याचे दार बंद केले म्हणून उत्तर बदलत नाही. तीन वर्षांचे कलम विधवांच्या रक्षणासाठी आहे. वीस वर्षे हप्ते घेऊन शेवटी जुन्या कागदातील एखादा शब्द शोधून दावा बुडवू नये, एवढ्यासाठी कायद्याने ते कुंपण घातले. त्या कुंपणाच्या आड खोटे तीन वर्षे मुरत ठेवावयाचे, म्हणजे दुर्बलांसाठी बांधलेल्या धर्मशाळेत सधनाने बिऱ्हाड करण्यासारखे आहे. कायदा क्षमा करू शकतो. खोट्याचे खरे करू शकत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. बहुतेक खोट्यांत बोलणाराच पुढे सापडतो आणि लाजतो, दंड भरतो, क्षमा मागतो. आयुर्विम्यातील खोटे निराळे आहे. ते बोलतो एक आणि त्याचा जाब विचारला जातो दुसऱ्याला. ज्या दिवशी या प्रस्तावपत्राचा हिशेब होईल त्या दिवशी लिहिणारा हजर नसेल, हे करारातच गृहीत धरलेले आहे. दावा पहिल्या तीन वर्षांत आला, तर चौकशीला माणूस येईल आणि पांढऱ्या साडीतील त्या बाईला विचारील, "ते चिरूट ओढीत होते काय?" लग्नातली छायाचित्रे असतील, मेहुण्याने पाठविलेला डबा कपाटात असेल. त्या वेळी त्या बाईपुढे दोनच वाटा राहतील. खरे सांगून नवऱ्याला खोटा ठरवावयाचे, किंवा नवऱ्याचे नाव राखण्यासाठी आपणच खोटे बोलावयाचे. कायद्यानेही फसवणुकीचा आरोप झाल्यास, विमेदार हयात नसेल तर तो आरोप खोडून काढण्याचा भार वारसांवरच टाकला आहे. नवऱ्याने वर्षाला काही रुपये वाचविले आणि त्याबद्दल पत्नीचा विवेक गहाण ठेवला. ज्या कागदाने तिला आधार द्यावयाचा त्याच कागदाने तिला मोहात टाकावे, हे प्रेमाचे लक्षण नव्हे.

आता दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे. कोणी म्हणेल, "पण कंपनीची वर्गवारीच अन्यायाची आहे. दोन चिरूट आणि सात हजार सिगारेटी यांना एकच शिक्का मारणे हा कोणता न्याय?" या तक्रारीत अर्थ आहे. विम्याच्या दरात अन्याय असू शकतो, हे आपल्या देशाने फार जवळून पाहिले आहे. एकोणिसाव्या शतकात येथील विलायती कंपन्या हिंदी माणसाचा जीव कमी प्रतीचा मानून त्याच्याकडून जादा हप्ता घेत. त्या अन्यायाला उत्तर कसे मिळाले? जन्माने हिंदी असलेल्यांनी अर्जात स्वतःला युरोपियन लिहून नव्हे. १८७० साली मुंबईत 'बाँबे म्युच्युअल लाइफ अॅश्युरन्स सोसायटी' निघाली आणि तिने हिंदी लोकांचे विमे सर्वसाधारण दराने उतरविले. अन्यायाचा दर मोडण्याचा हा सरळ मार्ग होता. खोटे उत्तर देणारा स्वतःपुरता दर चुकवितो आणि अन्याय तसाच ठेवतो. उघड बोलणारा तो अन्याय दुसऱ्यांसाठीही मोडतो.

याच संदर्भात परदेशातील एक रीत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील काही कंपन्या वर्षातून मोजकेच, साधारण डझनभर, चिरूट ओढणाऱ्याला धूम्रपान न करणाऱ्याचाच दर देतात. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांना याचा अनुभव असेल. मात्र त्या सवलतीला अट असते : चाचणीत निकोटिनचा अंश सापडता कामा नये, आणि अर्जदाराने चिरूट ओढतो हे स्वतः होऊन अर्जात लिहिलेले असले पाहिजे. म्हणजे सवलत न ओढणाऱ्याला नाही, लपविणाऱ्याला तर नाहीच; ती सांगणाऱ्याला आहे. आपल्याकडे प्रत्येक कंपनीची प्रश्नाची भाषा आणि व्याख्या सारखी नसते. तेव्हा चार ठिकाणी खरे सांगून चौकशी करावी आणि जेथे न्याय मिळेल तेथे विमा उतरवावा. कोठेच मनासारखा दर मिळाला नाही, तर गृहस्थांपुढे आणखी दोन सन्मान्य मार्ग आहेत : जादा हप्ता भरावा, किंवा चिरूट सोडून विचारलेली मुदत जाऊ द्यावी आणि मग निर्मळ मनाने 'नाही' लिहावे.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. सत्य सांगणे म्हणजे स्वतःवर आरोपपत्र तयार करणे नव्हे. प्रश्न गेल्या बारा महिन्यांचा असेल, तर वीस वर्षांपूर्वी महाविद्यालयात ओढलेल्या सिगारेटीची कबुली देण्याचे कारण नाही. कचेरीत शेजारचा ओढतो आणि धूर आपल्या नाकात जातो, हेही कोणी विचारलेले नाही. विचारलेल्या प्रश्नाला, विचारणाऱ्याला अभिप्रेत असलेल्या अर्थाने, पूर्ण उत्तर द्यावे. एवढेच कर्तव्य आहे. पण त्या अर्थाशी खेळही करू नये. प्रश्न 'धूम्रपान करता काय' असा असेल तर मशेरी लावणारी भगिनी खुशाल 'नाही' म्हणू शकते. परंतु प्रश्न 'तंबाखूचे कोणत्याही स्वरूपात सेवन' असा असेल, तर मशेरी, तपकीर, मावा हे सर्व त्यात आले. "मी ओढत नाही, लावते" हे उत्तर शब्दांत खरे आणि हेतूत खोटे होईल.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना हनन्या व सप्पीरा यांची गोष्ट शिकविताना पुष्कळदा अडचण पडते. मुले विचारतात, त्यांनी थोडे तरी दिले होते ना, मग एवढी शिक्षा का? प्रेषितांच्या कृत्यांचा पाचवा अध्याय काळजीपूर्वक वाचला तर दिसते की शेत त्यांचे होते, पैसाही त्यांचा होता, आणि सर्व आणून द्या अशी त्यांच्यावर कोणी सक्ती केली नव्हती. थोडे देऊन 'थोडे दिले' म्हणाले असते तर काहीच बिघडले नसते. दोष थोडे ठेवण्यात नव्हता. थोड्याला सगळे म्हणण्यात होता. वर्गातील मोठ्या मुलांना ही गोष्ट सांगताना विम्याच्या अर्जाचे उदाहरण जरूर द्यावे. चिरूट ओढण्याची मोकळीक माणसाला आहे. ओढून 'ओढत नाही' लिहिण्याची नाही. त्या गोष्टीत आणखी एक तपशील आहे. नवरा आधी मरण पावला, आणि काही वेळाने पत्नीला तोच प्रश्न विचारला गेला. नवऱ्याने ठरविलेले खोटे तिने पुढे चालविले. तेथे तीही या मसलतीत सामील होती; आमच्या मांडवीच्या गृहस्थांची पत्नी तर कदाचित स्वयंपाकघरात चहा करीत होती आणि अर्जात काय लिहिले गेले याची तिला गंधवार्ताही नव्हती.

म्हणून व्यवहाराची एक गोष्ट सुचवितो. विम्याचा अर्ज पतिपत्नींनी एकत्र बसून भरावा. जिच्यासाठी तो आहे तिला त्यातील प्रत्येक उत्तर ठाऊक असावे. कोरा अर्ज सही करून कोणाच्याही हाती देऊ नये. पॉलिसी आली की आपण दिलेली उत्तरे तीत जशीच्या तशी उतरली आहेत की नाही ती पाहावी. पसंत नसेल तर पॉलिसी परत करण्यास २०२४ पासून तीस दिवसांची मुदत आहे. आणि एखाद्याने पूर्वीच 'नाही' लिहिले असेल, तर त्याने घाबरून विमा बंद करू नये. कंपनीला लेखी कळवावे, पोच घ्यावी आणि जो जादा हप्ता ठरेल तो भरावा. उशिरा सांगितलेले सत्यही न सांगितलेल्या सत्यापेक्षा चांगले, विशेषतः सांगणारा हयात असताना.

मांडवीचे गृहस्थ काय लिहितील, हे आम्ही सांगू शकत नाही. तो निर्णय त्यांचा आहे. 'होय' लिहिले तर वर्षाला काही रुपये अधिक जातील, प्रतिनिधी जरा नाराज होतील, दोन जादा प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील. त्या बदल्यात त्यांच्या घरी एक असा कागद राहील की जो ते नसताना कोणीही, कधीही, कोठूनही वाचावा आणि त्यांच्या पत्नीला खाली पाहावे लागू नये. पन्नास लाखांच्या विम्याबरोबर एवढे मिळत असेल, तर तो जादा हप्ता आम्हांस तरी महाग वाटत नाही.